स्फटिकासारखे : एका उपमेची मोजदाद

मराठी शाळेत निबंध लिहिलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी झऱ्याचे पाणी 'स्फटिकासारखे स्वच्छ' केलेले असते. ज्या गावात झरा नाही आणि नदी वर्षातले आठ महिने कोरडी असते, त्या गावातला विद्यार्थीही हेच लिहितो. जालना जिल्ह्यात मराठी शिकवताना ही उपमा आम्ही इतक्या उत्तरपत्रिकांतून वाचली आहे, की पुढे पुढे ती डोळ्यांना दिसेनाशी झाली. झिजलेल्या उपमांचे असेच होते. त्या वापरात राहतात, पण त्यांच्याकडे कोणी पाहत नाही.

उपमा जुनी आहे आणि तिचे कूळही मोठे आहे. ध्यानश्लोकांतला शंकर शुद्ध स्फटिकासारखा असतो. वेदान्ती आणि सांख्य मंडळींचा आवडता दृष्टान्त म्हणजे जास्वंदीजवळ ठेवलेला स्फटिक: फुलाची लाली त्याच्यात उतरते आणि तो मात्र मुळात निरंजनच राहतो. आयुर्वेदात तुरटीला 'स्फटिका' म्हणतात. गढूळ पाणी निवळण्यासाठी हंड्यात तुरटीचा खडा फिरवणाऱ्या आमच्या आज्यांना हे नाव ठाऊक नव्हते, पण स्फटिक आणि नितळ पाणी यांचा संबंध त्यांच्या हाताला ठाऊक होता. थोडक्यात, आपल्या भाषेत स्फटिक म्हणजे आरपार दिसणे. स्वच्छता, निर्मळता, पारदर्शकता या साऱ्या अर्थांचे ओझे त्या एका शब्दाने वाहिले आहे.

हे ओझे एका मुलीला कसे महागात पडले, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

मंठा तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेली ही मुलगी आमच्याकडे बी.एस्सी.च्या पहिल्या दोन वर्षांत मराठी हा दुय्यम विषय म्हणून शिकली. बारावीपर्यंतचे सारे शिक्षण मराठीतून, पुढे रसायनशास्त्र इंग्रजीतून. अशी मुले दोन घरांत राहतात. संकल्पना एका भाषेत पाठ होते आणि दुसऱ्या भाषेत समजते. पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी ती एका संस्थेत मुलाखतीला गेली. संस्थेचे नाव येथे महत्त्वाचे नाही. परीक्षकांनी तिच्यापुढे एकाच प्लॅस्टिकचे दोन तुकडे ठेवले. एक काचेसारखा नितळ, दुसरा दुधासारखा पांढरा. "यांतला अधिक स्फटिकी कोणता?" तिने क्षणाचाही विलंब न करता नितळ तुकड्याकडे बोट दाखवले. उत्तर चूक होते आणि पुढचे प्रश्न त्या चुकीच्या छायेतच गेले. तिची निवड झाली नाही.

परत आल्यावर ती आमच्याकडे आली, ती तक्रार घेऊन नव्हे. तिला मराठीत एक लेख लिहायचा होता. विषय होता, पाण्याच्या बाटलीच्या प्लॅस्टिकमधला स्फटिकी भाग कसा मोजतात. "सर, विज्ञान मी बघते, भाषा तुम्ही बघा," ही तिची अट. त्या उन्हाळ्यात पाचसहा दुपारी या लेखावर गेल्या. त्या बैठकांतून आमच्या पदरी जे पडले, ते साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावेसे वाटते.

प्रथम त्या पदार्थाविषयी. पाण्याची आणि शीतपेयांची बाटली ज्याची बनते त्याला पेट, म्हणजे पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट, म्हणतात. १९४१ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन या कापड छपाईच्या संस्थेत जॉन रेक्स व्हिनफिल्ड आणि जेम्स टेनंट डिक्सन या दोघांनी तो शोधला. तेव्हा हेतू धाग्याचा होता. टेरिलीन म्हणून आपल्या वडिलांच्या पिढीने अंगावर मिरवले ते हेच. त्याची बाटली करण्याचे पेटंट १९७३ साली अमेरिकेत नॅथॅनियल वाइथ यांना मिळाले. हे वाइथ म्हणजे 'क्रिस्टिनाज वर्ल्ड' या विख्यात चित्राचे चित्रकार अँड्र्यू वाइथ यांचे थोरले बंधू. एका भावाने माळरानावरची एकाकी बाई रंगवली आणि दुसऱ्याने जगातल्या सगळ्या माळरानांवर पडणारी बाटली घडवली. या योगायोगावर अधिक भाष्य करण्याचा मोह आवरतो.

पेटचा रेणू म्हणजे एक लांबच लांब साखळी. अशा असंख्य साखळ्या एकत्र आल्या की त्या कशा बसतात, हा सारा प्रश्न आहे. काही ठिकाणी त्या शिस्तीत, एकमेकींना लागून बसतात. तो स्फटिकी भाग. बाकीच्या ठिकाणी त्या एकमेकींत वेड्यावाकड्या गुंतलेल्या असतात. तो अस्फटिकी भाग. दोन्ही भाग एकाच पदार्थात, शेजारीशेजारी, कित्येकदा एकाच साखळीच्या दोन टोकांना. एकूण पदार्थात शिस्तीतला हिस्सा किती, ते शेकड्यात सांगायचे म्हणजे स्फटिकता सांगायची.

इंग्रजी पुस्तकांत हे समजावताना शिजवलेल्या नूडल्सचा दाखला देतात. आमच्या विद्यार्थिनीने तो काढून टाकला आणि तेथे शेवया आणि कुरडया घातल्या. काठीवर वाळत टाकलेल्या हातशेवया एकमेकींना समांतर लोंबतात. कुरडईत ओला धागा गुंतवळ होऊन बसतो. धागा दोन्हीकडे असतो, पण एक रचना अशी आणि दुसरी तशी होते. उपमा चांगली होती, पण तिचे समाधान झाले नाही. कारण या साखळ्या बऱ्याच वेळा नुसत्या समांतर नसतात, त्या दुमडलेल्या असतात. १९५७ साली ब्रिस्टलमध्ये अँड्र्यू केलर यांनी पॉलिएथिलीनच्या पातळ स्फटिकांचा अभ्यास करून असे मांडले, की लांब साखळी पुन्हा पुन्हा स्वतःवरच वळून त्या पापुद्र्यात मावते. हे वाचून झाल्यावर ती म्हणाली, "सर, ही तर घडी झाली. लुगड्याची घालतो तशी. आणि बाकीचा बोळा."

घडी आणि बोळा! येथे आम्ही लेखणी खाली ठेवली. भाषा संचालनालय १९६० पासून परिभाषा घडवीत आले, विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. त्या मंडळींच्या कष्टांविषयी आम्हांला आदरच आहे. पण 'स्फटिकता' या शब्दाने त्या मुलीच्या मनात निर्मळ झरा उभा केला होता, तर 'घडी' या शब्दाने पदार्थाच्या आत नेमके काय घडते ते उभे केले. ताण देऊन बनवलेल्या बाटलीतल्या साऱ्या स्फटिकांना 'घडी' शब्दशः लागू पडत नाही, हे तिला ठाऊक होते. तरी शिस्त आणि गुंता यांतला भेद त्या जोडीने जितका लख्ख कळतो, तितका दुसऱ्या कशाने कळत नाही.

आता त्या दोन तुकड्यांचे कोडे. बाटली करण्याआधी पेटची एक जाड, आखूड नळी साच्यात ओततात. गळा आणि आटे तयार, पण पोट नाही असे तिचे रूप असते. कारखान्यात तिला प्रीफॉर्म म्हणतात. वितळलेला पेट साच्यात झटकन गार केला, की साखळ्यांना घडी घालायला वेळच मिळत नाही. गुंता आहे तसा गोठतो आणि नळी काचेसारखी नितळ दिसते. तोच वितळलेला गोळा सावकाश निवू दिला, तर घड्या पडत जातात, त्यांचे गोल पुंजके वाढतात आणि तुकडा पांढरा होतो. म्हणजे नितळ तो बोळा आणि पांढरी ती घडी. आपल्या उपमेच्या अगदी उलट!

मग आपले पूर्वज खोटे बोलले काय? तसे नाही. खडीसाखरेचा मोठा खडा आरपार दिसतो आणि तोच कुटला की पांढरा होतो. साखर दोन्हीकडे स्फटिकीच आहे. मोठा खडा एकसंध असल्याने प्रकाश त्यातून सरळ जातो. चुऱ्यात तो कणाकणाच्या सीमेवर अडखळून विखुरतो आणि आपल्या डोळ्याला पांढरेपण दिसते. पुराणातला स्फटिक खडीसाखरेच्या जातीचा, एकसंध. प्लॅस्टिकमधले स्फटिक असंख्य, आणि त्यांच्या मध्ये गुंत्याची भर. उपमा खरी होती ती एका विशिष्ट दगडाविषयी. आपण तिचा सिद्धान्त केला.

कोडे येथेही संपत नाही. तयार बाटलीच्या भिंतीत साधारण पाव भाग स्फटिकी असतो आणि तरीही ती नितळ असते. प्रीफॉर्म सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, आत दांडा सारून तो लांबवतात आणि दाबाच्या हवेने फुगवतात. या ताणाने साखळ्या ओढल्या जाऊन रांगेत येतात आणि अगदी बारीक स्फटिक तयार होतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, आणि हे स्फटिक त्याहून पुष्कळ लहान. प्रकाशाला त्यांची दखलच घ्यावी लागत नाही. गळ्याला ताण बसत नाही, म्हणून तो जवळजवळ अस्फटिकीच राहतो. गरम रस भरायच्या काही बाटल्यांचा गळा मात्र मुद्दाम तापवून पांढरा, म्हणजेच स्फटिकी, केलेला असतो. साध्या बाटलीत उकळते पाणी ओतले की ती आक्रसते, वाकडी होते. सुमारे ७५ अंशांच्या वर गुंत्यातल्या साखळ्या सैल होतात आणि ताणून बसवलेले सारे परत फिरू पाहते. हा प्रयोग आपण सर्वांनीच नकळत केलेला आहे.

म्हणजे डोळ्याची साक्ष येथे चालत नाही. मोजावेच लागते.

मोजण्याची एक जुनी रीत फार देखणी आहे. काचेच्या उंच नळीत पाणी आणि कॅल्शियम नायट्रेटचे द्रावण अशा बेताने भरतात, की तळाशी द्रव सर्वांत दाट आणि वर येताना हळूहळू विरळ होत जातो. ठाऊक घनतेचे रंगीत काचमणी आत सोडले की आपापल्या पातळीवर तरंगत थांबतात. मग बाटलीचा बारीक तुकडा सोडायचा. तो सावकाश खाली जातो आणि आपल्या घनतेच्या पातळीवर स्थिरावतो. पूर्ण गुंत्यातल्या पेटची घनता घनसेंटिमीटरला १.३३५ ग्रॅम आणि पूर्ण स्फटिकाची १.४५५ ग्रॅम धरतात. घडी घातलेले कपडे पेटीत जास्त मावतात, तसेच हे. तुकडा १.३६५ वर थांबला, तर ०.१२० च्या अंतरातले ०.०३० त्याने काटले, म्हणजे आकारमानाने २५ टक्के. गळ्याचा तुकडा १.३३८ वर थांबला, तर अडीच टक्के. एकाच बाटलीचे दोन तुकडे एकाच नळीत वेगवेगळ्या उंचीवर तरंगताना पाहणे हा काव्यानुभवच असणार, असे आम्ही म्हणालो. ती हसून म्हणाली, "सर, त्याआधी तुकड्याला चिकटलेला बुडबुडा काढावा लागतो. नाहीतर तो बुडबुड्याचीच घनता सांगतो."

दुसरी रीत उष्णतेची. तुकडा ठराविक वेगाने तापवीत न्यायचा आणि तो किती उष्णता घेतो वा सोडतो याची नोंद करायची. सुमारे २५० अंशांना स्फटिक वितळतात आणि त्यासाठी उष्णता शोषतात. पूर्ण स्फटिकी पेटला ग्रॅममागे सुमारे १४० जूल लागतील असे धरतात. समजा, प्रीफॉर्मच्या तुकड्याने ४२ जूल घेतले. १४० पैकी ४२, म्हणजे ३० टक्के? येथे खरी मेख आहे. तापवत असतानाच, १२० ते १३० अंशांच्या आसपास, गुंत्यातल्या साखळ्यांना हालचालीची संधी मिळते आणि त्या तेथल्या तेथे घड्या घालू लागतात. त्या वेळी उष्णता बाहेर पडते. समजा ३५ जूल. जे वितळले त्यातले ३५ जुलांचे स्फटिक तुकडा यंत्रात ठेवला तेव्हा नव्हतेच. ते मोजणीने निर्माण केले. ४२ मधून ३५ वजा जाता उरतात ७, म्हणजे खरा हिस्सा ५ टक्के.

समीक्षेच्या अभ्यासकांनी येथे क्षणभर थांबावे. कवितेपाशी आपण एखादी पद्धती घेऊन जातो, ती तापवतो, आणि तिच्यात रचना सापडली म्हणून आनंदतो. सापडलेल्या रचनेपैकी कवितेची किती आणि आपल्या आचेने तयार झालेली किती, ही वजाबाकी आपल्यापैकी कितीजण करतात? रसायनशास्त्राच्या तासाला ती सक्तीची आहे. मोजणीने वस्तू बदलते म्हणून मोजूच नये, असे ते शास्त्र म्हणत नाही. आपण काय बदलले तेही मोजा आणि वजा करा, असे म्हणते. आम्हांला हा धडा आमच्या विषयातल्या पुष्कळ ग्रंथांहून उपयोगी वाटला.

तिसरी रीत क्ष-किरणांची. शिस्तीतल्या भागातून टोकदार शिखरे मिळतात, गुंत्यातून एक पसरट टेकाड. शिखरांखालचे क्षेत्रफळ आणि टेकाडाचे क्षेत्रफळ वेगळे काढायचे. रेषा कोठे ओढायची याचा निर्णय बराचसा अभ्यासकाचा. तिन्ही रीतींची उत्तरे एकच येत नाहीत, कारण तिन्ही रीती मानून चालतात की पदार्थात दोनच अवस्था आहेत. प्रत्यक्षात एक तिसरीही आहे. साखळीचे एक टोक घडीत अडकलेले आणि उरलेला पदर बाहेर, असा भाग धड घडीत मोडत नाही आणि धड मोकळ्या बोळ्यातही नाही. म्हणून जाणकार माणूस नुसता आकडा सांगत नाही, तो कोणत्या रीतीने काढला हेही सांगतो.

या सगळ्याचा आमच्या जिल्ह्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध पुष्कळ आहे. 'जालना सोने का पालना' ही म्हण ज्या बाजारपेठेमुळे रूढ झाली, त्या बाजारात कापूस येतो आणि अलीकडे रेशीमकोषही येतात. कापसातले सेल्युलोज आणि रेशमातले प्रथिन हेही अंशतः स्फटिकीच असतात. बोटांनी धागा ताणून त्याचा कस सांगणारा व्यापारी शिस्त आणि गुंता यांचाच अंदाज घेत असतो. औद्योगिक वसाहतीतल्या पोलाद कारखान्यांत लालबुंद सळीवर पाण्याचा मारा करून तिची बाहेरची साल कठीण आणि गाभा चिवट ठेवतात. पोलाद दोन्हीकडे स्फटिकीच, पण झटकन गार करणे आणि सावकाश निवू देणे यांतून एकाच धातूचे दोन स्वभाव होतात, हे तेथल्या कामगाराला कोणी शिकवावे लागत नाही. २०१८ साली मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा परिसर जालन्यातच सुरू झाला. मुंबईत १९३३ साली उभी राहिलेली विद्या जिल्ह्यापर्यंत आली. आता तिने येथल्या मुलांच्या भाषेपर्यंत यावे, एवढेच मागणे.

आणि बाटलीचे म्हणाल तर २०१२-१३ चा दुष्काळ आम्ही विसरलेलो नाही. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, टँकरच्या वाटेकडे डोळे लागले, आणि त्याच काळात लग्नाकार्यांत व सभांत बाटलीबंद पाण्याचा राबता वाढताना आम्ही पाहिला. पाणी संपून जाई, बाटली उरे. ती अजून कोठेतरी असेल. २०१६ साली जपानी शास्त्रज्ञांनी साकाई शहरातल्या बाटल्यांच्या पुनर्प्रक्रिया केंद्राजवळ पेट खाणारा जिवाणू सापडल्याचे जाहीर केले. बातमीने जग हरखले. पण त्या प्रयोगातली पेटची फीत केवळ १.९ टक्के स्फटिकी होती. बाटलीच्या भिंतीतल्या घट्ट घड्या सोडवणे त्या जिवाणूला फार जड जाते. २०२० मध्ये फ्रेंच संशोधकांनी सुधारित विकराने १० तासांत पेटचा ९० टक्के भाग मूळ घटकांत सोडवून दाखवला, तोही बाटल्यांचा माल आधी वितळवून, झटकन गार करून आणि दळून घेतल्यावर. म्हणजे आधी घडी मोडायची, मगच खाणाऱ्याला ताट वाढायचे. कुंडलिकेच्या पात्रात पडलेल्या बाटलीचे भवितव्य असे एका शेकडेवारीला बांधलेले आहे.

याच शेकडेवारीवर बाटलीचा उपयोगही उभा आहे. निव्वळ गुंता असता तर ती लवकर मऊ पडली असती आणि सोड्याचा वायू तिच्यातून अधिक वेगाने निसटला असता. शिस्त फार झाली की ती ठिसूळ होते. आमच्याच घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे समर्थ रामदास दासबोधात लेखनक्रियेवर अख्खा समास खर्च करतात. त्यात अक्षरांच्या नेटकेपणाबरोबर मधल्या मोकळ्या जागेचाही विचार आहे. ती जागा काढून टाकली तर नेटकेपण उरेल, वाचता मात्र येणार नाही.

तिचा लेख पूर्ण झाला. त्यात 'स्फटिकता' हा शब्द आहे, कारण परीक्षेत तोच लागतो. पण पहिल्याच परिच्छेदात घडी आणि बोळा आहेत आणि खडीसाखरेचा खडाही आहे. उपमा टाकून द्यावी, असे आम्हांला वाटत नाही. झऱ्याचे पाणी खुशाल स्फटिकासारखे असावे. मात्र उपमा शिकवताना ती कोठपर्यंत खरी, हेही भाषेच्या तासाला सांगायला हवे. विज्ञानाच्या तासाला पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

ती मुलगी आज बाटल्यांच्या एका कारखान्याच्या तपासणी विभागात काम करते. अहवाल इंग्रजीतच द्यावे लागतात. मध्यंतरी तिने आपली कच्ची नोंदवही आम्हांला दाखवली. रोजच्या नमुन्यांचे आकडे, प्रत्येकापुढे रीतीचे नाव, आणि स्तंभाच्या माथ्यावर तिच्या वळणदार अक्षरांत लिहिलेले मथळे: 'घडी' आणि 'बोळा'.